‘ॲलर्जी’ हा शब्द देणारे डॉ. क्लेमेन्स पिर्के : औषधात खोट नव्हती, मग मुलं आजारी का पडत होती?

लासूर स्टेशन (विशेष लेख) :

गाजर गवत उपटलं आणि मान-तोंड लाल झालं, मधमाशी चावून डोळा बंद होईपर्यंत सुजला, गोळी घेतली आणि अंगभर गांधी उठल्या, की आता खेड्यातला माणूससुद्धा लगेच सांगतो, ॲलर्जी झाली. लासूर स्टेशनच्या बाजारातल्या मेडिकलवर हा शब्द दिवसातून कितीदा तरी ऐकू येतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसालाही तो माहीत आहे. पण १९०६ सालाच्या आधी हा शब्द जगातल्या कोणत्याच भाषेत नव्हता. तो तयार केला ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहरातल्या लहान मुलांच्या एका डॉक्टरने. त्यांचं नाव क्लेमेन्स फॉन पिर्के.

हे डॉक्टर कधी भारतात आले नाहीत, तरी त्यांनी लावलेला शोध आपल्या शेतकऱ्याच्या जिवाशी जोडलेला आहे. साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात जी लस टोचतात, ती घोड्याच्या रक्तापासून बनते. पिर्के यांनी सगळं शिक्षण घेतलं ते घोड्याच्या रक्ताच्या अशाच औषधापासून. त्यामुळे त्यांची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

पाद्री व्हायचे, झाले डॉक्टर

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ चा. गाव हिर्शश्टेटन. तेव्हा ते व्हिएन्नाच्या बाहेरचं खेडं होतं, आता शहरातच गेलं आहे. घर खानदानी, जमीनजुमला मोठा. वडील जमीनदार आणि संसदेत बसणारे. आई धार्मिक होती. घरातला एक मुलगा चर्चच्या सेवेत जावा, अशी तिची इच्छा होती. त्यानुसार क्लेमेन्स इन्सब्रुकला धर्मशास्त्र शिकायला गेले. नंतर बेल्जियममध्ये लूव्हेन इथं तत्त्वज्ञान शिकले. पण मन रमलं नाही. शेवटी घरच्यांची नाराजी पत्करून त्यांनी डॉक्टरकीची वाट धरली आणि १९०० साली ग्राझच्या विद्यापीठातून पदवी घेतली. त्यांचा धाकटा भाऊ गुइडो पुढं अवकाशात रॉकेट कसं जाईल याची गणितं मांडणारा म्हणून नावाजला. म्हणजे चाकोरी सोडून विचार करण्याची सवय घरातच होती.

पदवीनंतर पिर्के व्हिएन्नातल्या लहान मुलांच्या दवाखान्यात लागले. तिथले प्रमुख थिओडोर एशरिश. पोटातल्या ज्या जंतूला आपण ई. कोलाय म्हणतो, तो शोधणारे हेच. अशा माणसाच्या हाताखाली पिर्के तयार होऊ लागले.

घोड्याच्या रक्तातलं औषध

त्या काळात लहान मुलांचा सगळ्यात मोठा वैरी होता घटसर्प. इथं एक गोष्ट सांगायला हवी. म्हशी-बैलांना पावसाळ्याच्या तोंडावर जो घटसर्प होतो, तो रोग वेगळा. माणसाच्या घटसर्पात मुलाच्या घशात पांढरट पडदा धरतो, श्वास कोंडतो आणि मूल दगावतं. जर्मनीचे एमिल फॉन बेहरिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यावर उपाय काढला. घटसर्पाच्या जंतूचं विष थोडं थोडं टोचून जनावर तयार करायचं. त्याच्या रक्तात त्या विषावर मात करणारे घटक तयार होतात. मग रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढून आजारी मुलाला टोचायचं. मोठ्या प्रमाणावर औषध लागू लागलं तेव्हा हे काम घोड्यांवर आलं. मरणाच्या दारातली मुलं यामुळे वाचू लागली. याच कामासाठी १९०१ सालचं, वैद्यकशास्त्रातलं पहिलं नोबेल पारितोषिक बेहरिंग यांना मिळालं.

पण काही मुलांचं वेगळंच होत होतं. रोग बरा व्हायचा, मूल खेळायला लागायचं आणि आठ-दहा दिवसांनी अचानक ताप भरायचा. अंगावर गांधी उठायच्या, सांधे दुखायचे, गाठी सुजायच्या. १८९६ साली बर्लिनमध्ये एका नामांकित डॉक्टरांचं लहान मूल सीरम टोचल्यानंतर काही मिनिटांत दगावलं. मोठी खळबळ उडाली. लोक म्हणू लागले की औषधच विषारी आहे.

बी पेरलंच नाही, मग उगवलं काय?

व्हिएन्नाच्या दवाखान्यात स्कार्लेट फीवर नावाच्या आजारावरही घोड्याचं सीरम देत असत आणि तेही भरपूर, एका वेळी २०० मिलिलिटरपर्यंत. त्यामुळे असा त्रास होणारी मुलं पिर्के यांच्या डोळ्यासमोर रोज होती. सोबतीला बेला शिक नावाचे तरुण हंगेरियन डॉक्टर होते. दोघांनी काम सोपं पण चिकाटीचं केलं. कोणत्या मुलाला कोणत्या तारखेला सीरम टोचलं, त्रास कितव्या दिवशी सुरू झाला, पुन्हा टोचल्यावर किती वेळात झाला, याच्या नोंदी ठेवल्या.

नोंदींमधून हिशेब दिसू लागला. पहिल्यांदा सीरम घेतलेल्या मुलाला त्रास व्हायचा तो साधारण ८ ते १२ दिवसांनी. तेच मूल काही आठवड्यांनी पुन्हा सीरम घ्यायचं, तेव्हा मात्र दहा दिवस जात नसत. त्रास काही तासांत, एखाद्या दिवसात, कधी कधी लगेचच उठायचा.

त्या वेळी डॉक्टरांची समजूत अशी होती की जंतू अंगात शिरल्यापासून रोग दिसेपर्यंतचे दिवस हे जंतूला वाढायला लागतात. पेरणीनंतर उगवायला जसे दिवस लागतात, तसंच ते मानलं जायचं. पिर्के यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. सीरममध्ये तर जंतू नाहीतच. बी पेरलंच नाही, तर दहा दिवसांनी उगवलं काय?

त्याचं उत्तर त्यांनी शोधलं ते मुलाच्या शरीरात. दहा दिवस लागतात ते शरीराला. घोड्याचं रक्त शरीराला परकं. परकं काही आत आलं की शरीर त्याच्या विरोधात अँटिबॉडी तयार करायला घेतं. कोरोनाच्या काळात हा शब्द सगळ्यांच्या कानावर पडला आहे. ही तयारी व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो. तोवर घोड्याचं सीरम रक्तात फिरतच असतं. अँटिबॉडी तयार झाल्या की त्या सीरमला जाऊन चिकटतात. त्याचे बारीक गठ्ठे होऊन कातडीच्या, सांध्यांच्या, मूत्रपिंडाच्या बारीक नसांत अडकतात आणि तिथं दाह सुरू होतो. हे गठ्ठ्यांचं गणित पुढच्या शास्त्रज्ञांनी उलगडलं, पण आजार अँटिबॉडी आणि परका पदार्थ यांच्या गाठभेटीतून होतो, हे मूळ पिर्के यांनी ओळखलं. दुसऱ्यांदा सीरम दिलं की शरीराची तयारी आधीच झालेली असते, म्हणून भांडण लगेच पेटतं.

म्हणजे औषध विषारी नव्हतं आणि मुलंही नाजूक नव्हती. राखणीला ठेवलेलं कुत्रं चोराला धरतं तसंच कधी पाहुण्यालाही धरतं. कुत्रं तेच आणि दातही तेच. आपल्याला रोगापासून वाचवणारी जी शक्ती आहे, तीच कधी आपल्याला आजारी पाडते. त्या काळी ही गोष्ट मोठमोठ्या डॉक्टरांच्या गळी उतरणं अवघड होतं. प्रतिकारशक्ती म्हणजे फक्त संरक्षण, असंच सगळे धरून चालले होते.

पिर्के यांनी आपला विचार १९०३ सालीच लिहून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे सीलबंद ठेवून दिला होता. १९०५ साली पिर्के आणि शिक यांचं या आजारावरचं पुस्तक आलं. आजाराला त्यांनी नाव दिलं सीरम सिकनेस.

नवा शब्द जन्माला आला

याच सुमारास फ्रान्समध्येही एक गोष्ट घडली होती. चार्ल्स रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोघं समुद्री जीवांच्या विषावर कुत्र्यांवर प्रयोग करत होते. थोडं विष दिलेलं कुत्रं ठणठणीत राहिलं. काही आठवड्यांनी तेवढंच थोडं विष पुन्हा दिलं, तर ते अर्ध्या तासाच्या आत मेलं. विषाची सवय होऊन ते टिकायला हवं होतं, झालं उलट. रिशे यांनी १९०२ साली याला ॲनाफिलॅक्सिस असं नाव दिलं. त्यासाठी त्यांना १९१३ चं नोबेल मिळालं.

पिर्के यांना मात्र वाटत होतं की रोगापासून वाचणं आणि रोग अंगावर येणं या दोन्हींना कवेत घेणारा एक शब्द हवा. परक्या पदार्थाशी एकदा गाठ पडली की शरीराचं वागणं बदलतं, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. २४ जुलै १९०६ रोजी म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा छोटा लेख छापून आला. ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून त्यांनी ॲलर्जी हा शब्द बनवला. एकाचा अर्थ दुसरं किंवा वेगळं, दुसऱ्याचा अर्थ काम किंवा क्रिया. त्याच लेखात त्यांनी मधमाशीचा दंश, परागकणांमुळे येणारी सर्दी आणि काही खाण्यामुळे उठणाऱ्या गांधी हे सगळं एकाच माळेत ओवलं. तोवर हे सगळे आजार निरनिराळे समजले जात होते.

सुरुवातीला बऱ्याच डॉक्टरांनी हा शब्द नाकारला. असल्या नव्या शब्दाची गरज काय, असा सूर होता. पण पुढं शब्द असा रुळला की आज तो आपल्या मराठीतलाच वाटतो. त्याचा अर्थ मात्र आकसला. आता फक्त त्रास होतो तेव्हाच आपण तो वापरतो.

हातावरची टीबीची गाठ

पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, पिर्के यांनी याच विचारातून क्षयरोगाची तपासणी काढली. क्षयाच्या जंतूपासून बनवलेला ट्युबरक्युलिन नावाचा अर्क रॉबर्ट कॉख यांनी १८९० साली औषध म्हणून आणला होता. औषध म्हणून तो सपशेल फसला. पिर्के यांनी तोच टाकाऊ ठरलेला अर्क तपासणीसाठी वापरला. हातावर त्याचा थेंब टाकून कातडी जरा खरवडायची. ज्या मुलाच्या अंगात क्षयाचा जंतू कधी शिरला असेल, त्याच्या हातावर एक-दोन दिवसांत लाल गाठ उठते, कारण शरीर त्या जंतूला ओळखून असतं. ज्याची गाठ पडली नाही, त्याचा हात तसाच राहतो.

दुसऱ्या वर्षी फ्रान्सच्या शार्ल मांतू यांनी खरवडण्याऐवजी कातडीत बारीक सुई देण्याची पद्धत आणली. आजही मुलाला टीबीचा संशय आला की हातावर सुई देऊन ४८ ते ७२ तासांनी पुन्हा दाखवायला बोलावतात, ती हीच मांतू तपासणी. तिची सुरुवात पिर्के यांच्या हातून झाली. गाठ उठली म्हणजे मुलाला टीबी झालाच असं नाही. जंतूची ओळख झाली आहे, एवढंच त्यातून कळतं. बीसीजी लसीमुळेही गाठ उठू शकते. म्हणून पुढच्या तपासण्या करतात.

पिर्के यांनी आणखी एक गोष्ट टिपली. आधी गाठ उठत असलेल्या मुलाला गोवर आला की काही दिवस ती उठेनाशी होते. म्हणजे गोवर शरीराची राखण काही काळ झोपवून टाकतो. गोवरानंतर मुलं दुसऱ्या आजारांना का बळी पडतात, याचा हा पहिल्या धाग्यांपैकी एक धागा होता.

उपाशी पोरांचा हिशेब

नाव झालं तशी बोलावणी आली. १९०९ साली ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढच्या वर्षी ब्रेस्लाऊला गेले. १९११ मध्ये गुरू एशरिश वारले आणि पिर्के त्यांच्या जागी व्हिएन्नाच्या बाल रुग्णालयाचे प्रमुख झाले.

मग पहिलं महायुद्ध आलं. युद्ध संपलं तेव्हा ऑस्ट्रिया हरलेला होता आणि व्हिएन्नाची मुलं भुकेनं सुकली होती. अमेरिकेहून मुलांसाठी अन्न आलं. ते कोणाला, किती द्यायचं याचा हिशेब बसवण्याचं काम पिर्के यांच्याकडे आलं. त्यांनी दूध हे माप धरलं. एक ग्रॅम दुधात जेवढी ताकद, त्या मापात प्रत्येक खाद्य मोजायचं. मुलाची बसलेल्या अवस्थेतली उंची मोजून त्यावरून त्याला किती लागेल ते ठरवायचं. या स्वयंपाकघरांतून रोज जेवणाऱ्या मुलांची संख्या लाखांच्या घरात गेली. आज आपल्या अंगणवाडीत मुलाचं वजन-उंची मोजून आहार ठरवतात. पिर्के यांच्या पद्धतीची बारीक मापं पुढं मागं पडली, पण मोजून खाऊ घालण्याचं काम त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं.

बाहेर एवढं नाव असलं तरी घरात मात्र सुख नव्हतं. १९०४ साली त्यांनी मारिया यांच्याशी लग्न केलं, ते घरच्यांना पसंत नव्हतं. मूलबाळ झालं नाही. पत्नीची तब्येत सतत बिघडलेली असायची. १९२८ साली तर देशाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांचं नाव पुढं आलं होतं. पण २८ फेब्रुवारी १९२९ रोजी या पती-पत्नीने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. तेव्हा पिर्के ५४ वर्षांचे होते. नोबेलसाठी त्यांचं नाव अनेकदा गेलं, मिळालं मात्र नाही.

आपल्या शिवारात पिर्के

पिर्के यांच्यानंतर शास्त्र बरंच पुढं गेलं. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनचे शास्त्रज्ञ यांनी झटपट ॲलर्जी घडवणारी अँटिबॉडी शोधली. तिला आयजीई म्हणतात. ही कातडीतल्या आणि श्वासनळीतल्या काही पेशींवर टपून बसते. ओळखीचा पदार्थ आला की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन बाहेर टाकतात. गांधी, खाज, शिंका, धाप ही त्याचीच करणी. मेडिकलवर ॲलर्जीची गोळी मागतो, ती या हिस्टामिनला अडवते.

गाजर गवताचं तसं नाही. हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५० च्या दशकात. परदेशी गव्हाबरोबर ते आलं, असं मानतात. पुढं पुणे परिसरातच त्यामुळे कातडी बिघडलेले शेतकरी डॉक्टरांना मोठ्या संख्येनं दिसू लागले. हा त्रास लगेच होत नाही, गवताशी संबंध आल्यावर एक-दोन दिवसांनी उठतो. टीबीच्या गाठीचा आणि याचा प्रकार एकच, उशिरा उठणारा. म्हणून अनेकांना कळतच नाही की परवा बांधावरचं गवत उपटलं, त्याची ही खाज आहे. चेहरा, मान, कोपराची खोबण इथं कातडी जाड आणि काळी पडत जाते. वर्षानुवर्षे गवत साफ करूनही काही न झालेल्या माणसालाही एखाद्या वर्षी हे सुरू होतं, कारण शरीराची ओळख व्हायला तेवढा काळ लागतो.

आता सापाच्या लसीचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी लस मुंबईच्या परळमधल्या हाफकिनसारख्या ठिकाणी बनत आली आहे. पद्धत बेहरिंग यांच्याच वळणाची. घोड्याला विषाचे बारीक डोस द्यायचे आणि त्याच्या रक्तातून औषध काढायचं. आता ते पूर्वीपेक्षा खूप शुद्ध करतात, तरी मूळ घोड्याचंच.

म्हणून दोन प्रकारचा त्रास होऊ शकतो. एक, लस चालू असतानाच गांधी, थंडी-ताप, उलटी, धाप. हे पहिल्यांदा लस घेणाऱ्यालाही होऊ शकतं. दवाखान्यात त्यासाठी ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवलेलं असतं. दुसरा त्रास घरी आल्यावर, साधारण ५ ते १४ दिवसांनी. ताप, अंगावर गांधी, सांधे धरणं. घरच्यांना वाटतं की विष उतरलंच नव्हतं, पुन्हा चढलं. मग कोणी उतारा काढायला नेतं, कोणी मांत्रिकाकडं. पण पिर्के आणि शिक यांनी १२० वर्षांपूर्वी वहीत टिपलेला सीरम सिकनेस तो हाच. तो गोळ्या-औषधांनी बरा होतो.

हे ध्यानात ठेवा

- साप चावल्यावर रिॲक्शनच्या भीतीने लस टाळू नका. रिॲक्शनवर दवाखान्यात इलाज आहे, विषावर मात्र लसीशिवाय दुसरा इलाज नाही.
- लस घेऊन घरी आल्यावर दोन आठवड्यांत ताप, गांधी, सांधेदुखी झाली तर डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच दवाखान्यात किंवा घाटीत जा.
- कोणत्याही इंजेक्शनने, गोळीने किंवा लसीने एकदा त्रास झाला असेल, तर औषधाचं नाव मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा. पहिल्या वेळी थोडक्यात निभावलं म्हणून दुसऱ्या वेळीही निभावेल, असं नाही.
- मधमाशी, गांधीलमाशी चावल्यावर किंवा औषध घेतल्यावर ओठ-जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.
- गाजर गवत फुलावर येण्याआधी काढा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. घरी आल्यावर हात-तोंड साबणाने धुवा.

पिर्के यांच्याकडे आजच्यासारखी यंत्रं नव्हती. कोणत्या दिवशी काय दिलं आणि कितव्या दिवशी काय झालं, ही नोंद ठेवून त्यांनी एवढा मोठा शोध लावला. पेरणीची तारीख आणि फवारणीची तारीख शेतकरी लिहून ठेवतो, तशीच घरातल्या माणसाच्या औषधाची आणि त्रासाची तारीख लिहून ठेवली, तर समोरच्या डॉक्टरचं निम्मं काम तिथंच होतं.